कोल्हापुरात आदिवासी पोरं एकत्र जमतात, तेव्हा काय घडतं?

समजा, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करायला आली. सातपुड्यातून निघून नंदुरबार, धुळे, पुणे करत ती मध्यवर्ती स्टँडवर उतरते, तोवर सहाशे किलोमीटरांहून जास्त प्रवास झालेला असतो. घरात ती पावरी बोलते. शाळेत मराठी शिकली, ती पुस्तकातली. इथं पहिल्याच दिवशी वर्गातली पोरं तिला कोल्हापुरी वेगात काहीतरी विचारतात आणि तिला निम्मं कळत नाही. मग आडनाव विचारलं जातं. पावरा हे आडनावही आहे आणि जमातीचं नावही. ते ऐकून समोरचा गप्प होतो, नाहीतर फारच कुतूहलानं पुढचे प्रश्न विचारत सुटतो. दोन्हींचा तिला सारखाच त्रास होतो.

आठवड्याभरानं तिला एका सीनियरचा फोन येतो. "जोहार. रविवारी सगळे भेटतोय. ये."

कुठल्याही शहरात आदिवासी तरुणांचा मेळावा उभा राहतो, तो अशा फोनमधून. आपल्याला मात्र त्याचं शेवटचं टोक तेवढं दिसतं: ९ ऑगस्टची मिरवणूक, स्टेजवरचं नृत्य, पेपरातला फोटो. माझा जीव या विषयात गुंतला आहे, कारण शिकवण्याच्या निमित्तानं अशी बरीच मुलंमुली जवळून पाहिली. आपल्या गावात ही पोरं काय उभं करतात आणि त्यात कुठं कुठं अडतं, हे कोल्हापूरकरांना नीट माहीत असावं असं मला फार वाटतं.

आधी शब्दांचा गुंता

आदिवासी, मूलनिवासी, अनुसूचित जमाती, जनजाती, वनवासी. हे पाचही शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, पण ते एक नाहीत.

अनुसूचित जमाती हा कायद्याचा शब्द. संविधानाच्या कलम ३४२ प्रमाणे राष्ट्रपतींनी काढलेल्या यादीत ज्या जमातीचं नाव आहे, ती अनुसूचित. महाराष्ट्राच्या यादीत चाळीसहून अधिक जमाती आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्यात त्यांची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांच्या घरात होती, म्हणजे ९.३५ टक्के. आदिवासी हा त्या लोकांनी स्वतः उचललेला शब्द. जयपालसिंग मुंडा १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार होते. पुढे संविधान सभेत गेल्यावर, डिसेंबर १९४६ मध्ये, आपल्याला जंगली म्हणतात याचा अभिमान वाटतो असं त्यांनी उभं राहून सांगितलं आणि आदिवासी या शब्दाचा आग्रह शेवटपर्यंत धरला. वनवासी म्हटलं की माणूस नुसता रानात राहणारा उरतो, 'आदि' म्हणजे आधीपासूनचा हा दावा गळून पडतो. म्हणून बरीच आदिवासी मुलं त्या शब्दावर नाराज होतात. मूलनिवासी हा शब्द महाराष्ट्रात बहुजन चळवळीनं वेगळ्या, जास्त मोठ्या अर्थानं वापरला आहे, त्यामुळे तिथं आणखी घोळ होतो.

तारखांचंही तसंच. ९ ऑगस्ट हा संयुक्त राष्ट्रांचा जागतिक आदिवासी दिवस. १९८२ साली याच तारखेला जिनिव्हात आदिवासींच्या प्रश्नांवरच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली, आणि डिसेंबर १९९४ मध्ये आमसभेनं हा दिवस ठरवला. १५ नोव्हेंबर ही बिरसा मुंडांची जयंती. केंद्र सरकार २०२१ पासून ती जनजातीय गौरव दिवस म्हणून पाळतं. भारताची अधिकृत भूमिका अशी की इथले सगळेच नागरिक इथले मूळचे, त्यामुळे त्यातला एक गट वेगळा काढता येत नाही. तरीही २००७ साली आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आमसभेपुढे आला, तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. तेव्हा विरोधात मत देणारे देश चारच होते: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. शहरात जमणारी पोरं ९ ऑगस्टला महत्त्व देतात, कारण त्या दिवशी सातपुड्यातला पावरा आणि सातासमुद्रापार न्यूझीलंडमधला माओरी एकाच रांगेत उभे राहतात.

कोल्हापुरात हे आहेत तरी किती?

नंदुरबार जिल्ह्यात शंभर माणसांत जवळपास सत्तर आदिवासी. कोल्हापूर जिल्ह्यात २०११ च्या गणनेनुसार शंभरात एकसुद्धा नाही. या एका आकड्यात बरंच काही आलं. नाशिक किंवा नंदुरबारला आदिवासी मुलगा गर्दीतला एक असतो, कोल्हापुरात तो वर्गातला एकटा असतो. संख्या इतकी कमी की शहराला त्यांची सवयच नाही. तिरस्कार म्हणाल तर तो क्वचितच असतो. असतं ते अज्ञान. पण भाड्यानं खोली शोधताना अज्ञानाचा फटकाही तसाच बसतो. माझ्या एका विद्यार्थ्याला खोली ठरली होती. दुसऱ्या दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स दिली आणि संध्याकाळी "पाहुणे येणार आहेत" असं कळवलं गेलं. त्यानं ते मला सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याचंच मला जास्त लागलं.

शिवाय या पोरांना आपण एका नावानं ओळखतो, पण ती एक नाहीत. गडचिरोलीचा गोंड किंवा माडिया, मेळघाटातला कोरकू, पालघरचा वारली, नाशिककडचा कोकणा, नंदुरबारचा भिल्ल किंवा पावरा, रायगडचा कातकरी. गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातल्या भाषा, म्हणजे नात्यानं तेलुगू-कन्नडच्या जवळच्या. कोरकू तर मुंडा कुळातली, झारखंडच्या मुंडारी-संथालीची लांबची बहीण. भिली, पावरी, वारली ही मराठी-गुजरातीची भावंडं. त्यामुळे कोल्हापुरात ही मुलं पहिल्यांदा एकत्र बसतात, तेव्हा त्यांना एकमेकांची बोली कळत नाही. ती बोलतात मराठीत! गावात तो 'कोरकू' असतो, ती 'पावरा' असते. 'आम्ही आदिवासी' हे मोठं 'आम्ही' त्यांना बऱ्याचदा शहरात येऊन सापडतं. गावाकडून आणलेली संस्कृती ही पोरं इथं जपतात, असं आपण सहज म्हणून टाकतो. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं ती इथं नव्यानं घडवत असतात.

आणखी एक गट इथलाच आहे, तो नजरेआड होतो. फासेपारधी. यादीत ते अनुसूचित जमातीत येतात, पण त्यांच्या पाठीवर दुसरंही ओझं आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून पुसला गेला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ सालीच पोलीस पाटलाकडे रोज हजेरी लावण्याची पद्धत बंद केली होती आणि फासेपारध्यांना सोनतळीच्या कॅम्पवर पहाऱ्याचं काम दिलं होतं. ज्यांना चोर म्हटलं जायचं त्यांच्या हाती राखण सोपवली, यात महाराजांचं मन दिसतं. पारधी घरातल्या मुलांना ऑगस्टमध्ये दोन तारखा आपल्या वाटतात, ९ आणि ३१.

बोर्डिंगची गोष्ट

हा विषय कळायला कोल्हापूरकराला तसं अवघड जाऊ नये, कारण याचं एक रूप आपण सव्वाशे वर्षं पाहतो आहोत. १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघाली. मग मुस्लिम, लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि पुढे एकेका समाजाची. दसरा चौकात उभं राहिलं की आजही त्यातल्या काही इमारती दिसतात. महाराजांनी जागा दिल्या, अनुदान दिलं, पण कारभार त्या त्या समाजाच्या माणसांकडे ठेवला. जातवार वसतिगृहांनी जाती घट्ट होतील अशी टीका तेव्हाही झाली. पण खेड्यातून पहिल्यांदा शहरात आलेल्या पोराला शिकण्याआधी टिकायचं असतं, आणि टिकायला ओळखीची माणसं लागतात.

सातपुड्यातला किंवा मेळघाटातला मुलगा त्या काळी कोल्हापूरला शिकायला येण्याचा प्रश्नच नव्हता. आज तो येतो. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक. नाही मिळाली, तर स्वयम योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. पण पैसे आले म्हणून माणसं येत नाहीत. रविवारचा मेळावा ती उणीव भरून काढतो. त्याला भिंती नाहीत, व्यवस्थापक मंडळ नाही, आहे तो एक व्हॉट्सॲप ग्रुप. कोण आजारी आहे, कुणाची शिष्यवृत्ती अडकली, जात वैधता प्रमाणपत्राच्या सुनावणीला कुठले कागद लागतात, कुठल्या गल्लीत खोली मिळते, हे सगळं त्या ग्रुपवर चालतं. नृत्य त्याच ग्रुपवर ठरतं, पण बऱ्याच नंतर.

हे केवळ आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात सरकारनं आदिवासी तरुणांना राखीव प्रदेशातून उचलून शहरांत नेण्याची मोहीम काढली. एकेका जमातीचे चार-दोन लोक एकेका शहरात विखुरले. मग १९५५ साली ओकलंडमध्ये वेगवेगळ्या जमातींच्या लोकांसाठी मिळून एक मैत्रीघर उभं राहिलं. मुलांना सांभाळणं, नोकरीची माहिती, एकत्र जेवण आणि ढोल, असं सगळं एका छताखाली. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांची गावकीची सभाजागा असते, तिला मराए म्हणतात. ती पूर्वजांच्या जमिनीवरच असायची. ऑकलंड शहरात १९६५ साली एक मराए उभी राहिली आणि मूळ जमीन सोडून आलेल्या वेगवेगळ्या टोळ्यांच्या लोकांना शहरातच उंबरठा मिळाला. शहरात एकेकटी पडलेली माणसं सगळीकडे अशीच 'आपली' जागा करतात. आपल्याकडच्या पोरांजवळ इमारत तेवढी नाही.

खरं काम सरावात होतं

कार्यक्रम दोन तासांचा. सराव महिनाभर. आणि माझं ठाम मत आहे की समाज बांधला जातो तो या महिन्यात.

रोज संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मैदानाच्या कडेला दहा-पंधरा जण जमतात. रेला हा नाच येतो तो फक्त गडचिरोलीच्या दोघांना. बाकीच्यांना ते पाय शिकवतात. हात धरून अर्धगोल करायचा, पाऊल कुठं टाकायचं, कुठं वाकायचं. वारली मुलगा सांगतो की तारप्याच्या नाचात तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि सगळी रांग त्याच्याभोवती वेटोळं घालत फिरते. तो जे वाजवेल त्यावर पाय बदलायचे, मोजून नव्हे. तारपा म्हणजे सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण. मोबाईलवर गाणं लावून नाचणाऱ्याला पुढचा ठोका आधीच माहीत असतो, इथं तो माहीत नसतो. त्यामुळे एकमेकांकडे बघावं लागतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातला जो मुलगा कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नव्हता, तो चौथ्या दिवशी रांगेत दुसऱ्याच्या कमरेला हात घालून नाचत असतो.

सरावातच अडचणीचे प्रश्न निघतात. कितीतरी मुलं लहानपणापासून आश्रमशाळेत वाढलेली, म्हणजे घरापासून दूर. त्यांना स्वतःच्या जमातीची गाणी नीट येत नाहीत. एखादी मुलगी लाजत कबूल करते की तिची बोली तिला समजते, पण बोलता येत नाही. मग ती आईला फोन लावते. आई स्पीकरवर गाणं सांगते, चार जणी वहीत लिहून घेतात, देवनागरीत, कारण दुसरी लिपी त्यांना शिकवलेली नाही. काही उच्चार त्या लिपीत बसतच नाहीत, तिथं त्या खूण करून ठेवतात. भाषेचं जतन म्हणून आपण परिसंवाद घेतो. मला त्या वहीचं मोल फार मोठं वाटतं.

स्टेजवर काय न्यायचं आणि काय नाही

हा सगळ्यात नाजूक भाग आहे.

नंदुरबारकडच्या होळीत बुध्या असतो. अंगावर ठिपके रंगवलेले, कमरेला घुंगरं आणि सुके भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप. फोटोत हे अतिशय देखणं दिसतं, म्हणून शहरातल्या कार्यक्रमात त्याला फार मागणी. पण बुध्या हा नाचणारा कलाकार नव्हे. तो नवस फेडणारा माणूस. होळीच्या आधीपासून तो काही दिवस कडक पथ्य पाळतो, त्याला पालनी म्हणतात. काठी या गावची राजवाडी होळी रात्रभर चालते आणि पहाटे पेटते. त्यात हजारो लोक येतात, ते आपापली मानता घेऊन. तोच वेश ऑगस्टमध्ये, कुठलंही पथ्य न पाळता, एखाद्या सभागृहात मंत्र्यांच्या स्वागतासाठी चढवायचा का?

यावर मुलांमध्ये कडाक्याचे वाद होतात, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं मला कळतं. एक गट म्हणतो, हे दाखवलं नाही तर आम्ही आहोत हेच शहराला कळणार नाही. दुसरा म्हणतो, देवाचं काम बाजारात आणू नका. तारप्याचंही तसंच, तो भात पिकल्यानंतरच्या दिवसांतला. ९ ऑगस्टला गावाकडे आई-बाप गुडघाभर चिखलात लावणी करत असतात आणि त्या दिवसांत तारपा खुंटीला टांगलेला असतो. जिनिव्हाच्या बैठकीनं ठरलेली तारीख शेतीच्या हंगामाशी जुळत नाही, हे साहजिक आहे. पण शहरातल्या पोरांना तो सांधा स्वतः जुळवावा लागतो. मला पटलेली वाट अशी: लग्नातली, भातलावणीतली, खेळातली गाणी आणि नाच स्टेजवर न्यावेत, पालनीचा वेश नेऊ नये, आणि शंका आली की गावातल्या जाणत्या माणसाला फोन करावा. तरुणांचा मेळावा म्हणजे म्हाताऱ्यांना वगळून केलेला मेळावा नव्हे. निर्णय पोरांचे, पण विचारायचं कुणाला हे त्यांना माहीत असतं.

इथं कोल्हापूरच्या मातीतली एक तुलना उपयोगी पडते. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं आसमंत पिवळा होतो, धनगरी ढोल घुमतात, गजनृत्य होतं. तेच गजनृत्य युवा महोत्सवात लोकनृत्य म्हणून स्पर्धेत उतरतं आणि त्याला गुण मिळतात. यात्रेतलं आणि स्पर्धेतलं गजनृत्य वेगळं, हे आपल्याला सांगावं लागत नाही, कारण यात्रा आपण पाहिलेली असते. काठीची होळी आपण पाहिलेली नसते. म्हणून स्टेजवरचं जे दिसतं तेच सगळं, असं आपल्याला वाटतं.

धनगरांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावड्याच्या डोंगरात धनगरवाडे आहेत. तिथली पोरंही शहरात अशीच एकटी येतात. कायद्यानं धनगर भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातीत येण्याची त्यांची मागणी जुनी आहे, आदिवासी संघटनांचा तिला विरोध आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यासंबंधीच्या याचिका फेटाळल्या. मेळाव्यात हा विषय कोणी पटकन काढत नाही. पण सरावाच्या मैदानावर धनगरवाड्यावरचा मुलगा ढोल घेऊन आला तर त्याला कोणी परत पाठवत नाही. आरक्षणाचा वाद कोर्टात आणि मोर्चात चालू राहील, तोवर ढोलाला दोन्हीकडची पोरं लागतात. हा समंजसपणा त्यांनी स्वतःहून कमावला आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

पैसे, पंगत आणि गेट

खर्च वर्गणीतून निघतो. ज्याची शिष्यवृत्ती जमा झाली तो पाचशे देतो, ज्याची अडकली तो भांडी घासतो, आणि हिशोब त्याच रात्री ग्रुपवर पडतो. पेठांतल्या तालमींना हे नवीन नाही. प्रायोजक मिळतात, पण फलकावर त्यांचा चेहरा केवढा आणि बिरसा मुंडांचा केवढा यावरून बोलणी फिसकटतात. पोरांनी अशा वेळी पैसे सोडलेले मी पाहिले आहेत.

जेवणाचं मात्र सुरेख जमतं. कोकणा मुली नागलीची भाकरी करायची म्हणतात, पीठ कुठं मिळेल विचारतात. नागली म्हणजे आपली नाचणी, गगनबावड्याकडची. लक्ष्मीपुरीत पीठ मिळतं. शेजारच्या काकू भाकरी थापायला बसतात आणि नागली-नाचणीवरून त्यांच्या गप्पा सुरू होतात. पहिल्यांदा अशी पंगत बसली, तेव्हा त्याच गल्लीत पुढच्या महिन्यात दोन मुलींना खोली मिळाली. भाषणांनी ते झालं नसतं.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. खाली बसायची तयारी ठेवा. फोटो काढण्याआधी विचारा, विशेषतः मुलींचे. "एकदा परत नाचून दाखवा" म्हणू नका. रांगेत बोलावलं तर मात्र लाजू नका, पाय चुकले तरी चालतात. आणि वेळेवर जा, कारण कार्यक्रम उशिरापर्यंत चालत नाही. ध्वनिक्षेपकाची मर्यादा रात्री दहाची असली, तरी मुलींच्या वसतिगृहाचं गेट त्याच्या बरंच आधी बंद होतं. त्यामुळे साडेआठला ढोल थांबतो, सतरंज्या गोळा होतात, उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या जातात. दोन रिक्षा ठरवलेल्या असतात. नव्यानं आलेल्या मुलीला मध्ये बसवतात आणि वाटेत तिचा नंबर ग्रुपवर घालतात.